डोळे मिचकावणारा मुलगा आणि घराण्याचा वारसा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन तीनेक आठवडे झाले असतील. एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन इन्सुलीच्या माझ्या दवाखान्यात आली. सोबत मुलाची आजी होती. मुलाचा बाप बाहेर बाकावर बसून राहिला, आत यायला तयार नव्हता. मुलगा चुणचुणीत होता, पण सारखे डोळे मिचकावीत होता. मध्येच मान उजवीकडे उडवायचा आणि दर दोन-चार मिनिटांनी घशातून 'हुं' असा आवाज काढायचा.

"सांगान सांगान दमलंय डॉक्टरांनू, पण ह्यो आयकना नाय," आई सांगू लागली. शाळेतून तक्रार आली होती. मुलगा मुद्दाम आवाज काढून वर्गाला हसवतो, असे गुरुजींचे म्हणणे. दोनदा त्याला ओणवे उभे केले होते. घरी बापाने फोक वापरून पाहिला होता. आजीने देवळात गाऱ्हाणे घातले होते आणि कौलही घेतला होता. एवढे सगळे होऊनही चाळा कमी होईना, उलट वाढला, म्हणून शेवटी डॉक्टरकडे. आमचा नंबर बहुधा असाच शेवटी लागतो, त्याची आता सवय झाली आहे.

मी मुलाला तपासत असताना आजी सहज बोलून गेली, "ह्येचो आजो पण असोच हुं हुं करी. गावात तेका हुंकारीच म्हणत." सुनेने तिच्याकडे डोळे वटारून पाहिले तशी म्हातारी गप्प झाली. मी दाराबाहेर पाहिले. बाप मोबाईलमध्ये मान घालून बसला होता आणि त्याचा डावा खांदा थोड्या थोड्या वेळाने वर उचलला जात होता. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसावा.

हा बाप माझ्या ओळखीचा. तो असाच नऊ-दहा वर्षांचा असताना त्यालाही माझ्याकडेच आणले होते. तेव्हाही डोळे मिचकावणे आणि खांदा उडवणे हीच तक्रार होती. मी तेव्हा नुकता दवाखाना थाटलेला डॉक्टर. जंताचे औषध दिले, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि वर सल्ला दिला की वाईट सवय आहे, जरा धाकात ठेवा. तो सल्ला त्या घराने इमानेइतबारे पाळला, हे मला आता कळले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. मारणाऱ्या बापाला आणि शिक्षा करणाऱ्या गुरुजींना दोष देण्याचा अधिकार त्याशिवाय मला नाही.

मुलाला जे होत होते त्याला वैद्यकशास्त्रात 'टिक' म्हणतात. अचानक, झटक्याने, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणे, नाक ओढणे, तोंड वाकडे करणे, मान किंवा खांदा उडवणे, खाकरणे, हुंकारणे असे त्याचे प्रकार. शाळकरी मुलांत हे फार आढळते. पाच मुलांमागे एकाला तरी केव्हा ना केव्हा असा चाळा लागतो आणि बहुतेकांचा वर्षभराच्या आत आपोआप जातो. काहींचा राहतो. हालचालीचे आणि आवाजाचे असे दोन्ही प्रकार वर्षाहून अधिक काळ राहिले, तर त्याला टुरेट विकार म्हणतात. याचे प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून कमी आहे. मुलींपेक्षा मुलांत तीन-चार पट जास्त. साधारण पाच-सहाव्या वर्षी सुरू होतो, दहा ते बाराच्या सुमारास जोर करतो आणि वीस वर्षांच्या आतबाहेर बहुतेकांत पुष्कळ उतरतो. मधल्या काळात कधी महिनाभर गायब, कधी दुप्पट. त्यामुळे या काळात केलेला कोणताही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

पालकांना चकवणारी आणखी एक गोष्ट आहे. टिक थोडा वेळ दाबून धरता येते. शिंक यायच्या आधी नाकात हुळहुळते, तशी टिक यायच्या आधी मानेत किंवा घशात एक अस्वस्थता दाटते. ती हालचाल केल्याशिवाय जात नाही. दाबून धरली तर नंतर उसळून येते. शाळेत पाच तास दाबून ठेवलेला मुलगा घरी आल्यावर तासभर नुसता झटके देतो, आणि आई म्हणते, घरात आल्यावरच कशी याला खोड सुचते! उलट एखाद्या कामात मूल रंगून गेले की टिक कमी होते. या मुलाचा आजा भजनात मृदंगावर बसायचा. मृदंग वाजवताना त्याचे हुंकारणे पार थांबायचे, असे आजीच सांगत होती. त्यावरून गावाने निष्कर्ष काढला की मनात आणले तर याला थांबवता येते, म्हणजे हे सोंग आहे. दशावतार ज्या मुलखात रात्र रात्र बघतात त्या मुलखात सोंगाची पारख लोकांना असायला हवी होती. असो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आजा, बाप, नातू अशा तीन पिढ्यांत एकच गोष्ट दिसते तेव्हा घरातले लोक दोनपैकी एक स्पष्टीकरण देतात. पहिले म्हणजे मुलाने बघून उचलले. दुसरे म्हणजे घराण्याला काहीतरी लागलेले आहे. शास्त्राचे उत्तर या दोन्हींहून वेगळे आहे.

टुरेट हे फ्रान्समधल्या एका डॉक्टरचे नाव. त्यांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांचे वर्णन लिहिले आणि हा विकार आनुवंशिक असावा असे तेव्हाच नोंदवले. पुढे मात्र गाडी रुळावरून घसरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषणाचा जोर होता. मुलाच्या मनात काहीतरी दडपले गेले आहे, आईचे वागणे चुकले आहे, असे सांगण्याची पद्धत पडली. कित्येक आयांनी तो ठपका आयुष्यभर वागवला. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर शापिरो यांनी हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी होते हे दाखवले. मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या गोळीने जे उतरते, त्याचे मूळ मेंदूत असणार, हे मग हळूहळू मान्य झाले.

मेंदूच्या आत खोलवर पेशींचे काही गठ्ठे आहेत. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती अडवायची हे ते ठरवतात. पोफळीच्या बागेत पाटाचे पाणी सोडताना एका आळ्याचे तोंड उघडायचे तर बाकीच्यांची मातीने बंद करावी लागतात, तसेच काहीसे. टिक असलेल्या मुलात ही बंद केलेली तोंडे अधूनमधून फुटतात आणि नको तिथे पाणी जाते. डोपामिन या रसायनाचा यात मोठा हात आहे. आता ही माती कच्ची का राहते, हा प्रश्न आणि तिथे आनुवंशिकता येते.

याचा सर्वांत सोपा पुरावा जुळ्या मुलांचा. १९८५ साली अमेरिकेत टुरेट असलेल्या ४३ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एकाच बीजातून झालेल्या, हुबेहूब जुळ्यांत एकाला टुरेट असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण ५३ टक्के निघाले. दोन वेगळ्या बीजांतून झालेल्या जुळ्यांत ते अवघे ८ टक्के होते. कुठलीही साधी टिक धरली तर हेच आकडे ७७ आणि २३ झाले. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढतात. मग एवढा फरक कशाने? रक्ताने. पण हेही लक्षात घ्या की हुबेहूब जुळ्यांतही आकडा शंभर नाही. वारसा सारखा असूनही एकाला होते आणि दुसऱ्याला होत नाही, असेही घडते.

दुसरा पुरावा स्वीडनचा, २०१५ सालचा. त्या देशात प्रत्येक माणसाच्या आजाराची आणि नात्याची सरकारी नोंद असते. (आपल्याकडे जन्मतारखेचा दाखला मिळवताना काय होते ते आपण जाणतोच.) टिकचा विकार असलेल्या ४,८२६ लोकांचे नातेवाईक त्या नोंदींतून पाहिले गेले. आई-बाप, मुले, सख्खी भावंडे यांच्यात धोका इतरांच्या सुमारे १८ पट निघाला. जसजसे नाते लांबचे तसतसा तो उतरत गेला. एकाच आईची पण वेगळ्या बापांची मुले साधारणपणे एकाच घरात वाढतात, तरी त्यांच्यातला धोका सख्ख्या भावंडांच्या मानाने पुष्कळ कमी होता. म्हणजे 'बघून उचलले' ही गोष्ट बाद झाली, आणि आईच्या वळणाचा दोषही बाद झाला. आनुवंशिकतेचा वाटा तिथे सुमारे ७७ टक्के काढला गेला. हा आकडा समाजाचा आहे, एका मुलाचा नव्हे. तुमच्या मुलाचा ७७ टक्के दोष बापाकडून आला, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

मग ते जनुक कोणते? इथे लोकांना एकच नाव हवे असते. तशी नावे मिळालीही. २००५ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठात तेराव्या गुणसूत्रावरचे एक जनुक सापडले. २०१० साली तिथल्याच संशोधकांनी एक कुटुंब शोधले. त्यात बापाला टुरेट आणि त्याच्या आठही मुलांना टुरेट! हिस्टामिन तयार करणाऱ्या जनुकात त्यांच्याकडे बिघाड होता. सर्दी-खाजेवर आम्ही ज्याच्या विरुद्ध गोळी देतो तेच हे हिस्टामिन. मेंदूतही त्याचे काम असते. पण हा बिघाड शोधायला इतर रुग्णांकडे वळल्यावर तो जवळजवळ कुणातच मिळेना. २०१९ साली ४,८१९ रुग्णांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात खात्रीने बोट ठेवण्याजोगी एकच जागा मिळाली. बाकी सगळे शेकडो ठिकाणच्या बारीक बारीक फरकांत विखुरलेले. शिवाय हे अभ्यास बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत.

आपल्या कोकणातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपला सातबारा काढून पाहा. अर्धा गुंठा जमीन आणि त्यावर चाळीस सहहिस्सेदारांची नावे. पणज्यापासून मुंबईच्या चुलत्यापर्यंत सगळे त्यात असतात आणि एकटा मालक कुणीच नसतो. टिकचा वारसा बहुतांश घरांत असाच सामाईक आहे. थोडे बापाकडून येते, थोडे आईकडून येते, आणि पुरेसे हिस्से एका मुलात गोळा झाले तर चाळा दिसू लागतो. म्हणून 'तुमच्या घराण्याकडून आले' हे भांडण निरर्थक आहे. ज्या आईला कधी टिक नव्हती तिचाही हिस्सा त्यात असू शकतो. आणि म्हणूनच, रक्त तपासून टिकचे निदान करून देतो असे कुणी सांगितले तर पैसे खर्च करू नका. त्या तपासणीने टिकचे निदान होत नाही. ते होते मुलाकडे पाहून, आणि घरच्या माणसांनी खरे सांगितले तर.

खरे सांगण्याचेच तर सगळे दुखणे आहे. निदान सांगितल्यावर मी बापाला आत बोलावले. घरात आणखी कुणाला काही आहे का, विचारले. तो बराच वेळ गप्प बसला. मग कळले की त्याची मुंबईला असणारी थोरली बहीण दिवसातून पन्नास वेळा हात धुते, गॅस बंद केला की नाही हे रात्री उठून पाच-पाच वेळा बघते. घरात त्याला स्वच्छतेची आवड म्हणतात. वास्तविक हा मंत्रचळ म्हणजे टिकचाच नातलग आहे. एकाच वारशातून कुणात मान उडते, कुणात हात धुणे वाढते, कुणा मुलाला एका जागी बसवत नाही आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. बायकांत हात धुण्याचा प्रकार अधिक दिसतो. एवढे सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, ह्या कागदार लिवू नकात. धाकट्या भैणीची सोयरीक चलली हा."

या वाक्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. आपल्याकडे 'घराण्यात आहे' हा शब्द फक्त सोयरीक मोडण्यासाठी वापरला जातो. मधुमेह घराण्यात असतो, रक्तदाब असतो, पण त्याने पान अडत नाही. डोळे मिचकावण्याने मात्र अडते. २०१८ साली 'हिचकी' नावाचा चित्रपट आला होता. त्यात राणी मुखर्जीने टुरेट असलेली शिक्षिका रंगवली आहे. तिच्या आई-वडिलांच्या भूमिका आपल्या सुप्रिया आणि सचिन पिळगांवकर यांनी केल्या आहेत. त्यातल्या बापाला मुलीची लाज वाटते. चित्रपट ब्रॅड कोहेन या अमेरिकन शिक्षकाच्या खऱ्या जीवनावर बेतलेला आहे, पण तो बाप आपल्या शेजारच्या कुठल्याही घरातला वाटतो.

माझे मत असे आहे की लिहिले पाहिजे. टिक असलेल्या बापाच्या बहुतेक मुलांना टुरेट होत नाही, आणि ज्यांना होते त्यांतल्या बहुतेकांना औषधसुद्धा लागत नाही. सोयरीक मोडण्याजोगे यात काही नाही. पण आजाचे हुंकारणे लपवले म्हणून बापाने मार खाल्ला, आणि बापाने आपला खांदा लपवला म्हणून मुलाने मार खाल्ला. ज्या घरात ही गोष्ट उघड बोलली जाते तिथे चौथ्या पिढीच्या मुलाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी ओळखते. आनुवंशिकतेच्या ज्ञानाचा आज आमच्या गावपातळीवर एवढाच उपयोग आहे, आणि तो लहान नाही.

शाळेबद्दल थोडे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे आणि त्यात मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. ते सोडा, पण उपयोगाचे म्हणून पाहिले तरी शिक्षा उलटी पडते. ताण, जागरण, आजारपण, परीक्षा यांनी टिक वाढते. 'करू नको, करू नको' म्हटले की ती आणखी वाढते. मुलाला मागच्या बाकावर बसू द्यावे, मध्ये पाच मिनिटे बाहेर जाऊ द्यावे आणि वर्गाला एकदा साध्या शब्दांत सांगून टाकावे.

प्रत्येक झटका म्हणजे टिक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. घसा सुजल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातापायांच्या नाचल्यासारख्या सततच्या हालचाली सुरू झाल्या, हातातून भांडे निसटू लागले, अक्षर बिघडले तर तो संधिज्वराचा प्रकार असू शकतो आणि त्यात हृदयाची तपासणी लागते. बोलणे जड होणे, लाळ गळणे, हात थरथरणे आणि सोबत कावीळ असेल तर यकृतात व मेंदूत तांबे साठण्याचा आजार पाहावा लागतो. हा मात्र खरोखर आई-बाप दोघांकडून एकेक बिघडलेले जनुक आल्यावरच होतो, आणि मामेबहिणीशी लग्नाच्या चालीने त्याची शक्यता वाढते. झटक्यात मूल भान हरपत असेल तर फेफरे समजून ताबडतोब दाखवावे.

टिकने मुलाला दुखापत होत असेल किंवा त्याचे जगणे अडत असेल तर उपाय आहेत. झटका यायच्या आधीची अस्वस्थता ओळखायची आणि त्या वेळी उलट दिशेची एखादी साधी हालचाल करायची, असे शिकवता येते. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या चाचणीत या शिकवणीने निम्म्याहून थोड्या अधिक मुलांत चांगला फरक पडला. नुसती माहिती आणि धीर दिलेल्या मुलांत तो पाचात एकालाही पडला नाही. गोळ्याही आहेत, पण त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात, दुकानातून नव्हे. आमच्या भागातल्या माणसाला ओरोस किंवा गोव्यातले बांबोळी जवळ पडते. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि मानसोपचाराची वेगळी संस्थाही. मानसोपचार म्हटल्यावर आमचे लोक अजून घाबरतात.

या मुलाला मी कुठेच पाठवले नाही. गुरुजींना एक चिठ्ठी लिहून दिली आणि घरच्यांना तीन महिने त्या चाळ्याचा उच्चारही करू नका असे सांगितले. दिवाळीनंतर बाप एकटाच आला. डोळे मिचकावणे बरेच कमी झाले होते, हुंकार मात्र होता. ओणवे उभे करणे बंद झाले होते. बहिणीची सोयरीक ठरली होती. पाहुण्यांना काय सांगितले ते मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. उठता उठता तो म्हणाला, "माझो पण एक केसपेपर करा." मी केला. वय ३८. तक्रार, डावा खांदा उडणे, लहानपणापासून. कुटुंबात कुणाला, या ओळीपुढे त्याने आधी मुलाचे नाव सांगितले, मग बापाचे.